टपावरचा बर्फ आणि लांब दांड्याचा ब्रश

ग्वाल्हेरच्या माणसाने गाडीवरचा बर्फ झाडण्याचा ब्रश विकत घेतला असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आमच्याकडे आकाशातून पडल्याच तर गारा पडतात, त्याही गहू-मोहरीची नासाडी करण्यापुरत्या. तरीही ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या ओळखीच्या घरांमधून हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने बर्फाच्या मुलखात जाऊन येणारी कुटुंबे आता बरीच दिसू लागली आहेत. रोहतांग खिंडीखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. तोपर्यंत खिंड बंद झाली की लाहौल खोरे हिवाळाभर तुटलेले असे. आता रस्ता मोकळा असेल त्या दिवशी जानेवारीतसुद्धा बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत पोचता येते. चंबळ ओलांडून आग्रा, दिल्ली, चंडीगड आणि पुढे मंडी-कुलूवरून मनाली असा हा मार्ग लांबचा असला तरी अवघड राहिलेला नाही. अवघड असते ती मनालीतली पहाट, जेव्हा हॉटेलच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांपैकी आपली कोणती हे ओळखण्यासाठी क्रमांकाची पट्टी चाचपावी लागते. त्या पहाटेसाठी घेतलेल्या आणि आता ग्वाल्हेरच्या धुक्यातही वापरात असलेल्या एका ब्रशविषयी हे लिहीत आहे.

त्याचे नाव येथे देत नाही, कारण नावाने काही साधणार नाही. एकाच साच्यातून निघालेला हा माल ऑनलाइन बाजारात निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या रंगांत आणि सहज दीडपट फरकाच्या किमतींत मिळतो. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तर खटका, पकड आणि दांड्यावरच्या खाचासुद्धा त्याच दिसतात. मला तो हजार रुपयांच्या आत पडला. एकात एक सरकणारा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, त्यावर स्पंजाची पकड, एका टोकाला आडवे डोके, ज्याची एक बाजू दाट फोमची आणि दुसरी रबरी पट्टीची, आणि दुसऱ्या टोकाला काचेवरचा गोठलेला थर खरवडण्यासाठी कडक प्लॅस्टिकचे तळहाताएवढे पाते, अशी त्याची रचना आहे. डोके दांड्याशी आडवे किंवा सरळ रेषेत, हवे तसे फिरवता येते, आणि सगळी वस्तू दोन तुकड्यांत सुटी होऊन डिकीत सामानामागे आडवी मावते. इतकी कामे एकाच वस्तूवर लादल्यावर काहीतरी कच्चे राहणार हे उघड आहे, आणि ते राहिलेही आहे. परंतु जे काम मनात धरून ही वस्तू घ्यावी, म्हणजे टपावरचा बर्फ उतरवणे, ते ती चोख करते.

हे काम मुख्य आहे असे मी म्हणते, ते पुष्कळांना पटत नाही. मैदानी मुलखातून आलेला माणूस गाडीवर बर्फ पाहिला की पुढची काच पुसतो, फार तर मागची पुसतो आणि निघतो. टप तसाच राहतो. काही जण तर तो हौसेने ठेवतात. बॉनेटवर बर्फाचा बाहुला करून तो खालच्या गावांपर्यंत मिरवत नेणाऱ्या गाड्या कुलूच्या रस्त्यावर हिवाळ्यात हमखास दिसतात. मनालीजवळच्या सोलंगहून निघताना माझे धाकटे दीर म्हणालेच, "वहिनी, टपावरचा राहू द्या ना. मुलांना गंमत वाटेल, आणि खालचे लोक बघतील तरी कुठून आलो ते."

"भावोजी, टपावर राहिला तर राहू दे. पण पहिल्याच उतारावर ब्रेक मारला की तो माझ्या डोळ्यांपुढे येऊन बसेल, त्याचे काय करायचे?"

त्यांनी मुकाट्याने हातमोजे चढवले.

यामागचा हिशेब साधा आहे. मध्यम आकाराच्या गाडीचा टप दोन चौरस मीटरचा धरला आणि त्यावर वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर, ताजा बर्फ साचला असे मानले, तर घनमीटरला शंभर किलोच्या हिशेबाने ते ओझे चाळीस किलो भरते. अगदी कोरडा, भुरभुरीत बर्फ याहून हलका असतो. उलट दुपारी थोडा वितळून पुन्हा दबलेला ओला बर्फ दुप्पट-तिप्पट जड असतो. हे ओझे नुसते पडून राहिले असते तर फारसे बिघडले नसते. पण गाडीत हीटर सुरू केला की टपाचा पत्रा आतून ऊब धरतो, थराचा तळ वितळतो आणि वरची लादी पाण्याच्या पातळ पापुद्र्यावर मोकळी होते. तव्यावरून धिरडे सुटावे तशी ती मग एका झटक्यात सरकते. ब्रेक मारला तर पुढच्या काचेवर येते आणि वेग घेतला तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जाते. काचेवर आलेली लादी उचलणे वायपरच्या शक्तीबाहेरचे असते, आणि तो चालवण्याचा हट्ट केला तर फ्यूज उडतो किंवा वायपरचा सांधा निखळतो. एका बाजूला दरी असलेल्या वळणावर हे घडू देण्यात कसली गंमत आहे, हे मला कळलेले नाही.

जेथे दर हिवाळ्यात बर्फ पडतो त्या देशांनी याचे नियमच करून ठेवले आहेत. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीतील २२९ क्रमांकाचा नियम सांगतो की निघण्यापूर्वी सगळ्या काचांवरचा बर्फ काढलेला असला पाहिजे, दिवे स्वच्छ आणि क्रमांकाच्या पट्ट्या वाचता येण्याजोग्या असल्या पाहिजेत, आरसे मोकळे असले पाहिजेत आणि इतरांच्या वाटेत पडू शकेल असा सगळा बर्फ उतरवलेला असला पाहिजे. जर्मनीत काचेवर डोळ्यापुरते भोक खरवडून गाडी हाकणाऱ्याला दंड होतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर आणि न्यू जर्सी या राज्यांत टपावरचा बर्फ न काढणेही दंडपात्र आहे. या नियमांत ब्रशचा उल्लेख कोठेच नाही; पण ते वाचल्यावर ब्रशकडून काय काय करून घ्यायचे आहे, याची यादी आपोआप तयार होते.

आता प्रत्यक्ष टप. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि आमची गाडी उंच बांध्याची आहे, त्यामुळे टपाच्या मध्यापर्यंत हात पोचणे हीच मुळात अडचण असते. दांडा पूर्ण लांबवला आणि डोके आडवे केले की एका बाजूला उभे राहून मध्यरेषेच्या थोडे पलीकडे पोचता येते. म्हणजे दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा टप साफ होतो आणि पायरीवर किंवा टायरवर चढावे लागत नाही. गोठलेल्या, निसरड्या अंगणात टायरवर पाय देऊन उभे राहणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे आहे, हे सांगायला नकोच. फोमचे डोके बर्फाला केरासारखे झाडत नाही, तर फळीसारखे ढकलते, आणि ओल्या, जड बर्फाला तेच हवे असते. फोमऐवजी केस लावलेल्या ब्रशने हेच काम करून पाहिले तेव्हा ओला बर्फ केसांत अडकून त्याचा गोळा झाला आणि दर दोन हातांनी ब्रश झटकावा लागला. कोरड्या, पिठासारख्या बर्फाला मात्र केसांचाच ब्रश बरा, कारण फोम त्यावरून घसरत जातो आणि मागे पातळ पट्टे ठेवतो.

ते पट्टे राहिले तर राहू द्यावेत, असे माझे मत आहे. टपाच्या रंगाला चिकटलेला शेवटचा बोटभर थर घासून काढण्याच्या भरीस पडू नये, कारण त्या थराखाली आग्रा-दिल्लीच्या रस्त्याची धूळ बसलेली असते. आपल्याकडच्या धुळीत गारगोटीचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोहस् मापनात गारगोटी ७ वर आहे आणि काच साडेपाचाच्या आसपास. फोम कितीही मऊ असला तरी त्याच्याखाली सापडलेली वाळू मऊ नसते. विक्रेत्याने पानभर लिहिले आहे की या फोमने रंगाला ओरखडा येत नाही. ते खरे आहे, पण धुतलेल्या गाडीपुरतेच. म्हणून मनालीत शिरण्यापूर्वी, कुलूच्या अलीकडे जेथे ऊन असेल तेथे, गाडी एकदा धुऊन घ्यावी आणि दारांच्या रबरांवरचे पाणी नीट पुसावे. नाहीतर रात्री दारेच चौकटीला गोठून बसतात. सनरूफ असलेल्यांनी त्याच्या कडेच्या रबरांवर ब्रशची टोकदार बाजू लावू नये, आणि वरचा बर्फ पूर्ण उतरेपर्यंत ते उघडून पाहण्याचा मोहही टाळावा.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो मी मनालीतल्या एका टॅक्सीचालकाकडे पाहून पक्का केला. त्याच्याकडे असला ब्रश नव्हता. साधा लांब कुंचा आणि जुनी रजई एवढ्या साहित्यावर त्याचे काम माझ्या आधी संपले. त्याने सर्वांत आधी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ पायाने उकरला आणि मगच किल्ली फिरवली. नळीचे तोंड बर्फाने बुजलेले असताना इंजिन चालू ठेवले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साचून आत शिरू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि काचा चढवून आत ऊब घेत बसलेल्यांना तो समजतही नाही. त्यानंतर टप, मग काचा, मग बॉनेट आणि शेवटी दिवे. आधी काच स्वच्छ करून नंतर टपाला हात घातला तर टपावरचे सगळे काचेवर येते आणि काम दुप्पट होते. काच आणि बॉनेट यांच्यामधल्या खाचेत, जेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, तेथे दडलेला बर्फ त्याने बोटांनी काढला. ही खाच बुजली तर हीटरची हवा दमट येते आणि काच आतून धुरकटते. माझ्या ब्रशचे डोके त्या खाचेत जात नाही, हा त्याचा एक उणेपणा नोंदवायला हवा.

पुढच्या काचेवर दोन वेगळे शत्रू असतात. वर भुसभुशीत बर्फ आणि त्याखाली काचेला चिकटलेला पारदर्शक, टणक थर. वरचा फोमने ढकलला जातो; खालच्यासाठी दुसऱ्या टोकाचे पाते वापरावे लागते. पाते काचेशी साधारण पंचेचाळीस अंशांत धरून लहान लहान, सरळ ओढींनी चालवावे. पात्याच्या मागच्या बाजूला जाड थर फोडण्यासाठी दाते दिले आहेत. थर बोटभर जाड असेल तरच त्यांचा उपयोग आहे; पातळ थरावर ते नुसते रेघा काढतात. पाते कडक आहे, आणि नवे असताना पापुद्रा लांबच लांब सोलून निघतो, तेव्हा हाताला मोठे समाधान वाटते. पण प्लॅस्टिकची धार खाचा धरते, आणि खाचा पडलेली धार थर अर्धवट ठेवून पुढे सरकते. पितळेची पाती असलेली खरवडणी मिळतात. पितळेचे काठिण्य काचेहून कमी, साधारण ३ असल्यामुळे ते चालते. पोलादी पट्टी मात्र कधीही लावू नये. बँकेचे कार्ड वापरणारे मी पाहिले आहेत, आणि थंडीत ठिसूळ झालेले ते कार्ड मधोमध मोडलेलेही पाहिले आहे. मागच्या काचेला आतून तापणाऱ्या तारांच्या रेषा असतात, तेव्हा आतल्या बाजूला पाते लावण्याचा प्रश्नच येत नाही.

हॉटेलातून गरम पाण्याची बादली मागवून काचेवर ओतणे हा उपाय दरवेळी कोणीतरी मोठ्या आत्मविश्वासाने सुचवतो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापते. म्हणजे बादलीभर कढत पाण्याची बहुतेक ताकद थोडा बर्फ वितळवण्यातच खर्च होते, उरलेले पाणी बॉनेटच्या फटींतून आणि दारांच्या बिजागऱ्यांतून उतरून तेथे पुन्हा गोठते, आणि गारठलेल्या काचेचा एक भाग अचानक तापल्यामुळे तिला तडा जाण्याची भीती असते ती वेगळीच. पूर्वी खड्याचा एखादा ठिपका पडलेला असेल तर तडा तेथूनच धावतो. पात्याला हे सगळे टाळता येते, कारण ते बर्फ वितळवत नाही, सोलून काढते. इंजिन सुरू करून हवा काचेकडे वळवावी, तळाचा थर सैल होऊ द्यावा आणि मग पाते चालवावे, एवढी मदत हीटरकडून जरूर घ्यावी. ज्यांना फवारा हवा असेल त्यांनी दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी असे मिश्रण न्यावे. हे अल्कोहोल स्वतः उणे ८९ अंशांना गोठते, त्यामुळे पातळ थर त्याने लवकर सुटतो. ते ज्वलनशील आहे, म्हणून गाडीत सिगारेट ओढणारे कोणी असेल तर ते विशेष सांभाळावे लागते.

वायपरबाबत ब्रश काही करू शकत नाही, पण वायपरचे काम त्याच्याशी जोडलेले आहे म्हणून सांगते. रात्री गाडी उभी करताना वायपर उचलून ठेवावेत, आणि त्यांचा खटका बंद असल्याची खात्री करून घ्यावी. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर याची जास्तच गरज, कारण सकाळी किल्ली फिरवताच ते गोठलेल्या रबरासकट हलू पाहतात. काच धुण्याच्या टाकीत आपण सगळे नळाचे पाणी भरतो. ते पाणी टाकीतच गोठते, त्यामुळे निघण्यापूर्वी ते काढून न गोठणारे द्रव भरणे आवश्यक आहे. ग्वाल्हेरच्या दुकानात हे द्रव मागितले तर साबणाच्या गोळ्या पुढे करतात. दिल्लीत किंवा चंडीगडला मिळते.

दिव्यांकडे लोकांचे दुर्लक्ष होते. जुन्या हॅलोजन दिव्यांची काच स्वतःच्या उष्णतेने थोडीफार मोकळी होत असे. नव्या एलईडी दिव्यांची उष्णता मागच्या बाजूने निघून जाते आणि समोरची काच थंडच राहते, त्यामुळे चालत्या गाडीतही तिच्यावर बर्फ साचत जातो. आरशामागचा कॅमेरा आणि पुढच्या जाळीतले रडार असलेल्या गाड्यांना हे भाग झाकले गेले की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद असल्याची सूचना येते. या सगळ्या जागांसाठी फोमच्या डोक्याची अरुंद कड पुरते आणि कामही क्षणात होते.

मुख्य तक्रार सांध्याविषयी आहे. दांडा लांबवून पिळून आवळायचा असतो, आणि ओल्या हातमोज्यांनी तो हवा तसा आवळला जात नाही. मग नेमक्या जोराच्या क्षणी दांडा आत सरकतो आणि बर्फाऐवजी आपणच दारावर आदळतो. डोके फिरवण्याच्या खटक्यात पाणी शिरून गोठले की ते ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहते. मुठीत धरून किंवा हीटरच्या झोताखाली ठेवून ते सोडवावे लागते. यासाठी ब्रश रात्री डिकीत न ठेवता खोलीत नेणे हाच उपाय आहे. त्याने खटका कोरडा राहतो, आणि सकाळी गोठलेली डिकी उघडण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उंच गाडीला लांब दांडा टाळता येत नाही. परंतु ज्यांची गाडी बसक्या बांध्याची आहे त्यांनी हा सरकता प्रकार न घेता एकसंध दांड्याचा, फिरणारे डोके नसलेला ब्रश घ्यावा. तो स्वस्त असतो, आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते.

आता ग्वाल्हेर. येथे जानेवारीत किमान तापमान दोन-चार अंशांवर येणे नवलाचे नाही, आणि आमच्या जुन्या वस्तीत वाड्याच्या दिंडीतून मोटार आत जात नसल्यामुळे गाड्या रात्रभर गल्लीत उघड्यावरच असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्यावरच्या गाडीची काच आणि टप आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतात. त्यामुळे हवा शून्याच्या वर असतानाही एखाद्या पहाटे काचेवर पांढरट, खरखरीत थर दिसतो. शेजाऱ्यांची गाडी सज्जाखाली उभी असते. तिचा सज्जाखालचा अर्धा भाग कोरडा आणि बाहेर आलेले बॉनेट पांढरे, असे मी एका सकाळी पाहिले आहे, सीमारेषा पट्टीने आखल्यासारखी. या थरासाठी पाते वापरण्याचा मोह होतो, पण येथेही धुळीचे कारण आडवे येते. आधी कोमट नव्हे, साध्याच पाण्याचा हात फिरवावा, आणि मग रबरी पट्टी ओढावी.

रबरी पट्टी हाच या ब्रशचा ग्वाल्हेरमधला खरा उपयोग आहे, आणि तो अनपेक्षितपणे चांगला निघाला. धुक्याच्या दिवसांत काचांवर, आरशांवर आणि मागच्या दिव्यांवर दव इतके बसते की फडके दोन काचांतच भिजून निरुपयोगी होते. पट्टी वरून खाली एकदा ओढली की काच कोरडी होते. मुरैन्याच्या बाजूला पहाटे निघायचे असेल आणि समोरचा ट्रक त्याचे दिवे पेटलेले असूनही पन्नास पावलांवर दिसेनासा होत असेल, तेव्हा मागची काच आणि मागचे दिवे स्वच्छ असणे पुढच्या काचेइतकेच निकडीचे असते. आतून येणाऱ्या धुरकटपणावर मात्र कोणतीही पट्टी चालत नाही. तो माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याचा असतो. हवा आतल्या आत फिरवणारे बटण बंद करावे, बाहेरची हवा घ्यावी आणि हीटरबरोबर एसीही चालवावा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो आणि हीटर तीच हवा गरम करून काचेवर सोडतो. थंडीत एसी कशाला, असे म्हणून तो बंद करणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक गाडीत एक तरी असतात. त्यांना काच प्रत्यक्ष मोकळी होताना दाखवावी, वाद घालू नये.

बर्फात न जाणाऱ्या, केवळ दवाने त्रासलेल्या ग्वाल्हेरकराने हा ब्रश घ्यावा का? नाही. त्याला दारांत अडकवून काचेवर पसरायचे आवरण पुरेल. रात्री घालायचे, सकाळी झटकून काढायचे. बर्फातही हे आवरण पुढच्या काचेचे काम निम्मे करते, आणि ज्याला टणक थर खरवडण्याचा कंटाळा आहे त्याने ब्रशबरोबर ते न्यावेच. फक्त टपाला त्याचा उपयोग नाही, आणि वाऱ्यात ते फडफडून कडेचा रंग घासते.

विकत घेण्याबाबत दोन गोष्टी. लष्कर भागातल्या, गाडीच्या सामानाच्या दुकानांत विचारले तर धूळ झाडण्याचा मऊ धाग्यांचा झाडू दाखवतात. तो बर्फात पहिल्या पाच मिनिटांत ओला पोचारा होतो. १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेल्या आमच्या व्यापार मेळ्यात करातल्या सवलतीसाठी गाड्या घ्यायला झुंबड उडते आणि सीटकव्हरपासून शोभेच्या दिव्यांपर्यंत सगळे मांडलेले असते, पण हा ब्रश तेथेही दिसला नाही. ऑनलाइन मागवायचा तर डिसेंबरच्या आधी मागवावा. थंडी सुरू झाली की तीच वस्तू महाग होते. मनालीच्या बाजारात मिळतो, पण बर्फ पडलेल्या दिवशी तेथे घासाघीस करण्याच्या स्थितीत आपण नसतो.

परत आल्यावर फोम पूर्ण वाळवून, डोके सुटे करून ठेवावे. ओलाच गुंडाळून ठेवलेल्या फोमला उन्हाळ्यापर्यंत कुबट वास येतो आणि त्याचे कोपरे भुगा होऊन गळू लागतात. माझ्या ब्रशचे डोके आणि दांडा अजून धड आहेत, पात्याची धार मात्र गेली. सुटे पाते मिळेल का, असे विक्रेत्याला विचारले असता पूर्ण ब्रश पुन्हा घ्या, असे उत्तर आले. तसे केले नाही. दीडशे रुपयांत वेगळे, मुठीत मावणारे पितळी पात्याचे खरवडणे मागवले. ते दाराच्या कप्प्यात राहते, त्याला सांधा नाही, खटका नाही, आणि काचेवर ते दांड्याच्या टोकाला जोडलेल्या पात्यापेक्षा कितीतरी अधिक ताब्यात राहते.